पाणी नको

मंत्र्यांच्या दालनाबाहेरच्या बाकावर मास्तर बदलीच्या कामासाठी पुष्पगुच्छ घेऊन बसले होते. शेजारी बाजारातल्या दोन भाजीवाल्या, सासू आणि सून.

“आई, आत गेल्या गेल्या पाय धरा. थोडं रडा.”

“रडायचं नाही. वकील होता तेव्हा त्यानंच शिकवलंय मला.”

“तेव्हा तो आपल्या बाजूनं होता.”

“होताच. आपले गाळे त्यानंच वाचवले, आणि त्याच खटल्याच्या नावावर निवडून आला. साक्षीच्या आधी मला रडू फुटलं, तर म्हणाला, मावशी, तुम्ही रडलात की समोरचा वकील तुम्हाला पाणी देणार, आणि मुद्दा राहणार बाजूला.”

“आता तोच गाळे पाडायला निघालाय. ओळखसुद्धा दाखवणार नाही.”

“नको दाखवू दे. मी काय सोयरीक जमवायला आलेय?”

“मग बोलणार काय?”

“एकच विचारायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही, तो आपणहून बोलतो. हेही त्याचंच.”

“आणि गोड बोलून गुंडाळलं तर?”

“पुन्हा तेच विचारायचं.”

शिपायानं हाक मारली. सासूनं पदर खोचला आणि ती आत गेली. दार अर्धवटच लागलं.

“अरे, मावशी! या, या, बसा. पाणी आणा रे यांना!”

“पाणी नको. आमचे गाळे पाडायचा हुकूम तुम्हीच काढलात. हो की नाही?”

मास्तरांनी पुष्पगुच्छ हळूच बाकाखाली सरकवला. आतून फक्त पंख्याचा आवाज येत होता.