पानावरचा अंगठा

मेक्सिकोतल्या ओआहाका शहरात टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पोळ्या, घ्यायच्या रांगेत उभ्या एउलालियाचे कान पुढच्या सासू-सुनेकडे लागले होते. सासू सकाळीच गावाहून परतली होती.

“आई, तुमची ती गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी कुंडीतली एचेवेरिया पांढऱ्या धुळीनं नुसती माखली होती! ओल्या फडक्यानं एकेक पान पुसलं.”

“पुसलंस? अगं बये, ती धूळ नव्हे! पानाचीच भुकटी असते ती!”

“येईल की परत.”

“पुसल्या पानावर नाही येत गं कधी!”

“पण आधीच कुणीतरी एका पानावर अंगठा उमटवून ठेवला होता.”

“कुणीतरी नाही, नायेली. तुझ्या सासऱ्यांनी. दवाखान्यात जाताना. परत कुठे आले ते?”

“आई...”

“बोल ना.”

“तेच पान मी सगळ्यात जास्त घासलं.”