अवनी रेषेपार गेली

हॅलो?… कोण?… अगंबाई, विहीणबाई! प्रतिमाताई, तुम्ही? इतक्या महिन्यांनी सांगलीला लखनौची आठवण… नाही हो, टोमणा नाही. आनंदानं तोंड सुटलंय माझं.

…हॅलो? थांबा, ऐकू येत नाही. अनीश! टीव्ही की आवाज़ कम कर बेटा!… हं, बोला. फटाके आहेत ते. छे, दिवाळी कुठली, आमच्या सुनेसाठी वाजतायत! तुमच्या लेकीसाठी! जिंकली हो अवनी. तिकडे इंग्लंडात रग्बीची फायनल जिंकली!

…जुई ना? ही काय, माझ्या मांडीवर. इमरतीनं तोंड बरबटवून बसलीय… हो, जेवते. हो, झोपते. आई इंग्लंडला गेल्यावर सुरुवातीला खूप रडली, खोटं कशाला सांगू. मग विश्वजित बख्शी का तालाबच्या हवाई तळावरून ड्यूटी करून आला की तिला खांद्यावर टाकून अख्खं इंदिरा नगर फिरायचा… उपकार कसले? बाप आहे तो.

…ताई, ते पुन्हा नको. ‘तान्हं लेकरू टाकून गेली’ असं तुम्ही तेव्हाही म्हणालात आणि बोलणंच तोडलंत. टाकून नाही गेली, माझ्याजवळ ठेवून गेली. क्लबचं बोलावणं आलं तेव्हा ती नाहीच म्हणत होती. मीच म्हटलं, जा.

…का म्हणजे? अहो, बाळंतपणानंतर ती पहाटे मैदानावर ओकारी येईपर्यंत धावायची. घरी येऊन सुजलेल्या गुडघ्यावर बर्फ धरायची आणि दुसऱ्या हातानं जुईला पाजायला घ्यायची. हे मी रोज पाहिलंय. एवढं केल्यावर कुणी पगार देऊन खेळायला बोलावतंय, आणि घरच्यांनीच म्हणायचं, आता पुरे?

…हो, आज लागलं की. भुवई फुटली. टाके घातले, पट्टी बांधली, परत मैदानात… अहो ऐका ना, पुढं ऐका! दोन गुणांनी मागे होत्या आपल्या पोरी. या रग्बी लीग खेळात चेंडूवालीला सहाव्यांदा पाडलं की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. आपल्यांना पाचदा पाडलं होतं हो! शेवटची खेप. आणि चेंडू आला अवनीकडे…

…हो, डावीकडून! एकीला हुलकावणी दिली, दुसरी कमरेला लोंबकळलेली, तिला तशीच ओढत… हो, हो! रेषेपार! पालथी पडली पण चेंडू टेकवलाच! चार गुण! संपली मॅच!

…थांबा. डावीकडून गेली हे मी कुठं सांगितलं तुम्हाला?



…पाहत होतात?… आजची पूर्ण?… सगळ्याच? आतल्या खोलीत दार लावून, तुमच्या लेकाच्या, प्रणवच्या मोबाईलवर? अहो, मग एवढे महिने सांगायचं नाही का कुणाला!

…नका रडू. ऐका, नका रडू… नाही, ती रागावलेली नाही. दर रविवारी फोनवर आधी जुईचं विचारते, मग हळूच, ‘आईचा आला होता का फोन?’ मी काय सांगणार होते?… आता काय बोलू म्हणजे? आई आहात, काहीही बोला.

…एक मिनिट हं. दुसरा फोन येतोय. अहो, तिचाच! नाही, ठेवायचा नाही! ठेवलात तर मी सांगलीला येऊन भांडेन. दोघींना जोडते. अनीश, ये कैसे जोड़ते हैं? जल्दी कर, भाभी है!

…हॅलो, अवनी? अगं पाहिलं गं, सगळं पाहिलं! गल्ली नाचतेय इथं! जुई ठीक, विश्वजित तर गल्लीभर इमरती वाटतोय… ते राहू दे, आधी ऐक. तुझी आई आहे फोनवर… खरंच. सांगलीची. तुझी आई.

…ताई, बोला ना.

…ताई?

…अवनी, ऐकलंस का? टाके फार दुखतायत का विचारतायत त्या. सांग की… अगं, तूही रडायला लागलीस तर सांगणार कोण?

…हं. बोला, बोला दोघी. सावकाश बोला. मी फोन नुसता बाजूला ठेवते.