अर्धं आटेपर्यंत

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी एक बाई आणि तिचा मोठा भाऊ बसले होते.

"दादा, पाणी मी शेतावरच्या तंबूबाहेर चुलीवर उकळूनच दिलं रे."

"किती वेळ?"

"निदान अर्धं आटेपर्यंत. हे हसायचे, काढा करतेस का म्हणून."

"आणि तेच बाळाच्या पावडरच्या दुधात?"

"फक्त त्याच्याच. आम्ही विहिरीचं तसंच प्यायलो. आम्हाला काहीच झालं नाही. डॉक्टर काय म्हणाले? खरं सांग."

"विहिरीत शेतातलं खत उतरलंय. उकळून जंतू मरतात, खत जात नाही. पाणी आटलं की ते आणखी दाट होतं. मोठ्यांना चालतं, तान्ह्याच्या रक्ताला ते बाधतं."

"म्हणजे कमी उकळलं असतं तर..."

"अगं, दोन घास खा आधी."

"चार दिवस, दादा. त्याचे ओठ निळे दिसायला लागले, म्हणून मी रोज आणखी थोडं आटवत होते."