कच्चं म्हणजे कच्चं

आता तुम्हीच सांगा, नवरा स्वयंपाकी, बायको भाज्या चिरणारी, दोघांचा दिवस फॅक्टरीच्या कँटीनमध्ये पातेल्यांशेजारी जातो, आणि घरी मात्र गॅसला हात लावायची चोरी, असं कुठे ऐकलंय का तुम्ही? नाही ना? मग ऐका! गॅस संपला होता म्हणाल, तर नाही. सिलिंडर भरलेला, लायटर नवा. आणि त्या गॅसवर मी काय ठेवलं होतं, माहितीये? फुलदाणी! रिकामी शेगडी बघवेना म्हणून.

कारण आमचे हे कच्चं खायला लागले होते. कच्चं म्हणजे पानाच्या कडेला काकडीच्या दोन चकत्या असतात, तेवढं नव्हे हो. सकाळी कच्चं, दुपारी कच्चं, रात्री कच्चं. कोबी कच्चा, फ्लॉवर कच्चा, लाल भोपळा कच्चा... तुम्ही कधी कच्चा लाल भोपळा चावलाय? दाराची कडी चावल्यासारखा लागतो! मी म्हटलं, "अहो, निदान वाफवून देते. वाफ म्हणजे काय, हवाच की!" तर बोट वर करून म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय. कच्चं म्हणजे कच्चं!"

झालं होतं असं, की ह्यांना एकदा भाताचं पातेलं उतरवताना गरगरलं. डॉक्टरांकडे एकटेच गेले. मला म्हणाले, "तू येऊन काय करणार? मीच सांगतो, मीच ऐकतो." ऐकतो म्हणे! कँटीनमधल्या त्या घरघर करणाऱ्या पंख्याखाली उभं राहून ह्यांचा उजवा कान कधीच कामातून गेलाय. अर्धं ऐकायचं आणि उरलेलं स्वतःच रांधायचं, ही ह्यांची पद्धत. आले ते चेहरा असा करून, जणू काही दीक्षा घेतलीये. "प्रेशर वाढलंय. आजपासून शिजवलेलं बंद."

मी म्हटलं, चहा? तर म्हणाले, चहा उकळतात, म्हणजे बंद. मग गार पाण्यात चहापत्ती भिजत घातली. तुम्हाला सांगते, ते पाणी प्यायल्यावर ह्यांनी जो चेहरा केला, तो माझ्या आईने ह्यांना पहिल्यांदा बघितलं तेव्हा केला होता.

बरं, आम्हा दोघांचं सोडा. घरात सासूबाई! तोंडात दात दोन, तेही एकमेकांशी अबोला धरलेले. त्यांच्या पुढ्यात ह्यांनी गाजर ठेवलं. अख्खं!

"सूनबाई, ह्याचं मी काय करू गं? चघळू, की टेकायला घेऊ?"

"आई, किसून देतो," हे म्हणाले.

"अरे, तुला लहानपणी दूध पाजलं, तेसुद्धा ऊन करून पाजलं रे! कच्चं खायला मी काय शेळी आहे?"

"आई, कच्चं म्हणजे कच्चं."

"मेल्या, एक दिवस मी तुलाच कच्चा खाईन!"

मग मी त्यांना शेजारणीच्या घरी मऊ भात खाऊ घालून आणायची. ह्यांना सांगायचं, जरा पाय मोकळे करून येतो. ह्यांना इतका आनंद, की कच्चं खाल्ल्यावर आई बघ कशी चालायला लागली!

मी घरी ह्यांच्या जोडीने कच्चंच खायची. का? अहो, एकट्याने कच्चा भोपळा चावणाऱ्या माणसाकडे बघवत नाही हो... कितीही झालं तरी नवरा आहे. कँटीनमध्ये मात्र चव बघायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण ह्यांची जीभ आता शिजवलेल्याला शिवत नव्हती. रश्श्याची चव नीट कळायला वाटीभर रस्सा लागतोच. कधी कधी दोन वाट्याही लागतात. मी काही लबाड बाई नाही, पण काम म्हटलं की मनापासून करावं.

आणि ह्या सगळ्या कच्च्यात आणखी एक कच्चं होतं, ते माझ्या जिवाला लागलेलं. ह्यांची नोकरी! ती कच्ची. जुने आचारी घरी बसले, त्यांच्या शेगडीवर ह्यांना तात्पुरतं म्हणून उभं केलं, ते तात्पुरतं इतकं लांबलं, की आमच्या घरचा पंखा जळाला, नवा आला, तोही आता कुरकुरतोय. पक्क्या लोकांना कँटीनमध्ये कपाट असतं, किल्ली असते. ह्यांचा शर्ट दिवसभर पोत्यावर. घरी आले की सासूबाई नुसत्या वासावरून सांगायच्या, "काल बटाटे होते, आज कांदा." हे हसायचे. पण शर्ट धुताना हसू येत नाही हो. एवढ्या माणसांना जेवू घालणाऱ्याला स्वतःची एक खुंटी नसावी?

तर नेमकं ह्या कच्च्याच्या दिवसांत मॅनेजर साहेब आले आणि नाकातून म्हणाले, "आचारी, शुक्रवारी मी इथेच जेवतो. चव पसंत पडली तर तुमचं पक्कं करून टाकू." मी चिरत होते तो कांदा, त्यामुळे रडले ते कोणाला कळलं नाही. हेही खूश. आणि मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं...

आमच्या कँटीनची रीत अशी, की साहेब लोक जेवायला बसले, की आधी आचाऱ्याने त्यांच्यासमोर त्याच पातेल्यातलं वाटीभर खायचं. तू खाल्लंस, मग मी खातो! रीत म्हणजे रीत. आणि कच्चं म्हणजे कच्चं!

"अहो, एका वाटीने काय होतंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"खाणं कच्चं, नोकरी कच्ची, मग संसार तरी पक्का कशाला ठेवता? मी जाते माहेरी!"

मी आजवर असं कधी बोलले नव्हते. हे हातातल्या फ्लॉवरच्या तुऱ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "डॉक्टरांना विचारू. एका वाटीची परवानगी."

ह्या वेळी मी बरोबर गेले, शुक्रवारी सकाळीच, कामावर जायच्या आधी. डॉक्टर भले गृहस्थ, पण तोंडावर मास्क, आणि बोलणं असं, की जिभेला शब्द सोडवत नाहीत. मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मास्क खाली ओढला.

"कच्चं खा असं कोण म्हणालं?"

"तुम्हीच की, डॉक्टर," हे म्हणाले. "कच्चं नीट, बाकी बंद."

"अहो नीट नाही, मीठ! कच्चं मीठ बंद! पानात वरून मीठ घेता ना, ते तेवढं बंद करा, बाकी नेहमीसारखं चालू ठेवा, असं म्हणालो मी!"

मीठ... नीट... मीठ... नीट! तुम्हाला सांगते, एवढ्याशा फरकापायी मी भोपळा चावला! मला हसावं की त्या टेबलावरचं काहीतरी उचलून ह्यांच्या डोक्यात घालावं, कळेना. इतक्यात डॉक्टरांनी प्रेशर बघायचा पट्टा बांधला, आकडा बघितला, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तर आणखी चढलंय. त्या कच्च्या भाज्या नुसत्याच खात होता?"

"छे! नुसत्या घशाखाली उतरत नाहीत."

"मग वर काय घेत होता?"

"...मीठ."

"कसलं?"

हे जमिनीकडे बघून म्हणाले, "कच्चं."

झालं! आगीतून फुफाट्यात. पूर्वी ह्यांना शिजवलेल्याची भीती होती, आता मिठाची भरली. तिथून थेट येऊन शेगडीपुढे उभे राहिले आणि मिठाच्या डब्याकडे असे बघायला लागले, जणू त्यात साप आहे. मी टेबलावर साहेबांचं पान मांडत होते, माझं लक्ष नव्हतं. ह्यांनी वाटाण्याच्या रश्श्याच्या त्या एवढ्या मोठ्या पातेल्यात मीठ घातलं किती? चिमटीभर! देवाला अंगारा लावावा तसं!

साहेब बसले. ह्यांनी रीतीप्रमाणे वाटी भरून घेतली. आता हे बिचारे किती दिवसांनी ऊन ऊन काही खात होते! पहिला घोट घेतला, डोळे मिटले, आणि गालावरून पाणी... साहेब म्हणाले, "वा! स्वतःचं खाऊन आचारी रडतो, म्हणजे काय चव असेल!" आणि त्यांनी मोठा घास घेतला. घास तोंडातच थांबला.

"आचारी, हे अळणी आहे. मीठ आणा."

"नाही, साहेब."

"काय?"

"वरून मीठ घेऊ नये. डॉक्टरांनी सांगितलंय. कच्चं मीठ म्हणजे कच्चं मीठ!" आणि हे मिठाची वाटी पाठीमागे धरून उभे!

"अहो, मी मॅनेजर आहे!"

"म्हणून तर, साहेब! तुम्हाला काही झालं तर मला पक्कं कोण करणार?"

सगळं कँटीन चमचे खाली ठेवून बघायला लागलं. मी मनात म्हटलं, गेली! आता कच्चीसुद्धा गेली! साहेब लाल झाले, रश्श्याची वाटी बाजूला सारली, आणि रागाने हाताला लागलं ते तोंडात घातलं. हाताला काय लागलं, तर मी पानाच्या कडेला वाटीत ठेवलेला कोबी! इतके दिवस घरी तेच करून करून माझा हात बसला होता ना. बारीक चिरलेला कोबी, किसलेलं गाजर, लिंबू, मिरी, भरडलेले शेंगदाणे. साहेबांनी एकदा खाल्लं. थांबले. पुन्हा खाल्लं. मग वाटी पुसून खाल्ली.

"हे झकास आहे. ह्यात मीठ अगदी बेताचं आहे."

होतंच. वरून भुरभुरवलेलं, कच्चं. पण मी कशाला बोलू?

"हे कोणाच्या घरचं?" साहेबांनी विचारलं. आणि आमचे हे, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एक प्रश्न पूर्ण ऐकून, छाती पुढे काढून म्हणाले, "आमच्या घरचं, साहेब! आम्ही दुसरं काही खातच नव्हतो!"

साहेब पक्क्याचं नाव न काढता हात धुवायला गेले. आम्ही घरी आलो. सासूबाईंना मी ऊन भात वाढला, त्या दोन घासांनंतर म्हणाल्या, "नोकरीचं काय झालं?" ह्यांनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी ह्यांना बोलावलं आणि पक्कं केलं, कच्च्या भाज्यांचं नवं टेबल मांडून त्यावर; आणि ह्यांच्या शेगडीवर मला उभं केलं, तात्पुरतं.