सत्यशीलाची टाळू

नाही हो, दुखत नाही तसं — लगद्यासारखं काहीतरी भरून माप घेतात, जरा वेळ तोंड उघडं ठेवायचं, एवढंच. तुमच्या आईंचं ऑपरेशन व्हायचंय ना अजून? खिडकीपाशी निळ्या शालीत बसल्यात, त्याच ना? मग फॉर्म भरायच्या आधी ऐकून ठेवा. वरचा जबडा काढला की तोंड आणि नाक एक होतं. चहा दिला तर नाकातून येतो. आमची सत्यशीला — मंडळी आमची, आत आहे आता — तिला पहिल्यांदा तसा आला तेव्हा कपबशी खाली ठेवली आणि पदरानं आधी फरशी पुसली, मग नाक. पुढं किरणांचे शेक देतात, त्यानं तोंड आखडतं. आइस्क्रीमच्या काड्या आणून ठेवा. एकावर एक रचून दातांत धरायच्या, जमेल तशी एकेक वाढवायची. आमच्या चौदा झाल्या तेव्हा इथल्या दातांच्या डॉक्टर, शेफाली मॅडम, म्हणाल्या, आता प्लेट बसेल. दात आणि टाळू एकातच असते, भोकात बुचासारखी बसते. बसली की बोलणं स्वच्छ होतं म्हणे.

तोवर? तोवर नुसतं हूं हूं — सगळं नाकातून. मुलाला कळायचं नाही, भाजीवाल्याला कुठलं कळतंय. मला कळायचं. का म्हणजे — सेहेचाळीस वर्षं ऐकतोय. मी नारायण पेठेत पुस्तकं बांधायचो, शाळा तिसरीपर्यंत, पण हे दुभाष्याचं काम मला चांगलं जमलं. ती हूं करायची, मी सांगायचो — मीठ कमी आहे म्हणते, पंखा बंद करा म्हणते. डॉक्टरसुद्धा विचारायचे तिला आणि बघायचे माझ्याकडे. खरं सांगू? बरं वाटायचं.

एकदाच चुकलो. म्हणजे — चुकलो नाही, कळलं होतं. दुखणं परत वर सरकलं, डोळ्यापर्यंत. मोठे डॉक्टर म्हणाले, आजी, डोळा काढावा लागेल, करायचं ना? ती बोलली. पुरे झालं आता, घरी जाऊ — असं बोलली. लख्ख कळलं मला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, करा म्हणते.

मान हलवता आली असती की तिला. नाही हलवली. चारचौघांत माझा शब्द तिनं कधी खाली पडू दिला नाही, तेव्हाही नाही. नुसती बघत राहिली, दोन्ही डोळ्यांनी. मला ती हवी होती हो — घरात हवी होती, हूं हूं करणारी का होईना. तेव्हापासून हूंसुद्धा नाही. सहा महिने झाले. मीठ मीच अंदाजानं घालतो. लोकांना अजून सांगतो, ती असं म्हणते, तसं म्हणते — ती काही म्हणतच नसते. आज प्लेट बसली की पहिलं काय बोलेल, त्याची धास्ती घेऊन बसलोय सकाळपासून. एरवी मला आत घेतात. आज मॅडम म्हणाल्या, थांबा बाहेर.

थांबा — आकडे म्हणायला लावतायत. ऐका. चार... पाच. ऐकलंत? पाच म्हणाली! तिचाच आवाज — जरा घोगरा आहे, पण तिचाच. सात... आठ... अहो, सगळं येतंय तिला.

मॅडम विचारतायत, आजोबांना बोलवू का आत?

...

तुम्हालाही कळलं? कळलं ना — मला सांगावं नाही लागलं. "बसू द्या त्यांना बाहेर. माझं मी बोलते." एक अक्षर नाकात गेलं नाही. एकसुद्धा नाही.

तो फॉर्म — आईंना विचारून भरताय ना? नाही, मी कोण विचारणारा. जा, त्यांच्यापाशी जाऊन बसा. मी? मी नाही उठत. बसायला सांगितलंय मला.