सात नंबरची जागा

सन्माननीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, पहिल्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेल्या काकू आणि मित्रहो,

निरोपाचं भाषण मला दिलंत, ही संयोजकांची पहिली चूक. मी बोलायला लागलो की थांबत नाही, आणि आजचे आपले उत्सवमूर्ती मिलीमीटरकाका एकतीस वर्षांत दोन वाक्यांच्या पुढे गेलेले नाहीत.

पाहुण्यांसाठी सांगतो. समुद्रकाठची चुनखडी दरवर्षी किती झिजते, ते काका मोजतात. लाटा आपटतात, मीठ फुगतं, शेवाळ खायला आलेल्या गोगलगाई दगडही खरवडतात. खडकात पक्क्या बसवलेल्या तीन खुंट्यांवर यंत्र ठेवायचं, सुई खाली सोडायची, आकडा वाचायचा. काकू म्हणतात, "घरातला नळ सहा महिने गळतोय, तो यांना दिसत नाही. खडक केसभर झिजला की मात्र यांना जेवण जात नाही."

सात नंबरची जागा डोलोमाइटची. हा चुनखडीचा हट्टी चुलतभाऊ, सहजी बधत नाही, पण वरून साखरेसारखा कणाकणानं सुटतो. मी नोकरीत नवा, हुशारी दाखवायची हौस दांडगी. साहेब पाहणीला येणार म्हणून ती जागा मी तारेच्या ब्रशनं घासून लख्ख केली. समुद्राचं चार वर्षांचं काम दोन मिनिटांत उरकलं.

काका ओरडले का? छे. ओरडले असते तर बरं झालं असतं. वहीत झिजेच्या कारणांचा रकाना असतो. त्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: लाटा, मीठ, गोगलगाई, नवा सहायक. वार्षिक अहवालात ते तसंच छापून आलं. पुढे एकोणीस वर्षं बाकी सगळ्या जागा मी मोजल्या, सात नंबरला फक्त वही धरली. विभागप्रमुख झालो, तरी वहीच धरली. तुम्ही हसताय, पण मला ते लागायचं.

आज सकाळी काकांची शेवटची मोजणी होती. सात नंबरपाशी त्यांनी यंत्र माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वाच." पुन्हा चूक नको, म्हणून तीनदा वाचलं. काकांनी आकडा लिहिला, कारणांत नेहमीचं लिहिलं: लाटा, मीठ, गोगलगाई. मग जरा थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली: सहायक निर्दोष.

संयोजकांचे आभार, तुमच्या चिकाटीचे जास्तच. बोलण्याच्या भरात कुणाला खरचटलं असेल, तर पोटात घाला. काकू, नळाचं उद्यापासून बघतील. आणि काका, पुढच्या वर्षी सात नंबरला यंत्र मी लावीन. तुम्ही वही धरायला या.