जबड्यावरचं बोट

नाही हो, दुखत-बिखत काही नाही — मुंगी चावल्यासारखं वाटतं, फक्त मुंगी जरा चिडलेली असते. दोन्ही बाजूंना टोचतात, इथे, कानाच्या पाळीखाली, चावताना गोळा वर येतो ना, तिथे. आधी डॉक्टर मॅडम बोटं ठेवतात आणि म्हणतात दात आवळा, मग पेनने ठिपके काढतात, मग टोच-टोच, झालं. तुम्हाला भीती वाटतेय त्यातलं काही होत नाही — तोंड वाकडं होत नाही, लाळ गळत नाही, बोलणं तर अजिबात थांबत नाही, ते दिसतंच आहे तुम्हाला. पहिलीच वेळ ना? मी ओळखलं, त्या डबीवरून. झोपताना दातांवर चढवायचं कव्हर आहे ना त्यात? बघू... अगं बाई, चावून चावून पार चाळणी केलीय की. मीही असंच एक फोडलं, मग जाड दिलं, तेही फोडलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, बाई, तुमच्या दाढा घासून सपाट झाल्यात, एक तर चिरलीच आहे, आता जबड्याचा स्नायूच थोडा ढिला करून घ्या. म्हणून मी इथे. पहिल्यांदा आले आणि भिंतीवर हे गुळगुळीत कपाळांच्या बायकांचे फोटो बघून मला वाटलं, चुकीच्या दारात शिरले. सुरकुत्यांचंच इंजेक्शन आहे ते, फक्त जागा वेगळी. आमच्या वहिनीला अजून वाटतं मी रूप खुलवायला येते. वाटू दे.

तू काय करतेस? — तूच म्हणते हं आता, भाचीएवढी असशील माझ्या. शिकवतेस होय, मग बरोबर आहे, मुलांवर ओरडता येत नाही, पालकांवर तर नाहीच नाही, मग बिचाऱ्या दातांवर काढायचं. मी पाणीपुरवठ्यात, तक्रारीच्या खिडकीत. लोक येतात ते आधीच तापून येतात, नळाला पाणी नाही म्हणजे जणू मीच रोज उठून पिऊन टाकते. आणि मी काय म्हणते? ‘बघते हं, साहेब.’ हसून. ‘लगेच कळवते हं, ताई.’ ऑफिसात मला कूलर म्हणतात — कौतुकाने म्हणतात, कोणीही कितीही भडकू दे, कूलरकडे पाठवा. लोक रागाने दातओठ खातात, मी हसत हसत खाते आणि उरलेलं झोपेत. आवाज एवढा यायचा म्हणे की सहलीला गेलो तेव्हा खोलीतल्या बाईने दुसऱ्या दिवशी खोलीच बदलून घेतली. घरी कुणाची तक्रार नव्हती. घरी आई, आणि आईला ऐकू येत नाही.

नाही, म्हातारपणामुळे नाही, अगदी लहानपणी, कसलासा ताप आला आणि कान गेले. खुणांची शाळा असते म्हणे, ती काही तिच्या वाट्याला आली नाही. तिच्या खुणा घरातच तयार झाल्या, आमच्यासोबत, भांडताना, जेवताना, कपडे वाळत घालताना. मूठ छातीवर टेकवली की हो. तळवा आडवा फिरवला की नाही. मनगटावर टिचक्या मारल्या की दादा, माझा भाऊ, कारण तो लहानपणापासून घाईत. पुस्तकात सापडणार नाही यातलं काही. जगात तीन माणसांना येणारी भाषा — आई, दादा आणि मी — आणि दादा लग्न करून दुसऱ्या शहरात गेला, तो निम्मं विसरला. म्हणजे खरं तर दोनच. पत्र्याचे डबे ठोकायच्या कारखान्यात होती ती, बाकीच्या बायका कानात बोळे घालून वैतागलेल्या आणि आमची आई मजेत. मी जायचे डबा घेऊन, तर लांबून हात हलवायची आणि एक बोट असं जबड्यावर ठेवायची, इथे. ते माझं नाव. म्हणजे तिने मला ठेवलेलं.

का काय? मी पाळण्यात असल्यापासून दात आवळायचे म्हणून, दात नव्हते तेव्हा हिरड्या आवळायचे. आणि आई ओठ वाचायची ना, बऱ्यापैकी वाचायची, पण ओठांवर तिचा विश्वास नव्हता. सगळ्यांना ठकवून तोंडाने गोड बोलता येतं हे तिला कुणी न सांगता कळलेलं. मी बुटांच्या दुकानात ‘हे चालतील, हेच आवडले’ म्हणायचे, आई येऊन जबड्याला बोट लावायची, आणि बूट परत खोक्यात. एकदा मैत्रिणींबरोबर जायचं नाही म्हणाले, मला नाहीच जायचं, मला कंटाळा येतो — बोट लावलं, पिशवी भरली, मला दाराबाहेर ढकलून दिलं. तुला सांगते, मला आयुष्यात कधी ‘नाही’ म्हणायची गरजच पडली नाही. घरात तरी नाही. मी आपली आतल्या आत आवळून बसायचे आणि तिला कळायचं. हुशारी तिची, आळस माझा. आता बाहेरच्यांना कुठे कळतं — बाहेरच्यांसाठी मी कूलर.

किती वेळ लावतात ना आत? लावू दे. तर — काय सांगत होते? हां. या वर्षी आईचं विसरणं जरा जास्त झालं. नळ सुरू राहिला आणि खालच्यांच्या छतातून पाणी, पाणीपुरवठ्याच्या बाईच्या घरातून, बघ. मग गॅसवर दूध ठेवून बाल्कनीत जाऊन बसली, पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर, मी ऑफिसात. शेजारी दार ठोठावून दमले — आता तिला ठोठावलेलं ऐकू येणार आहे का? बेल वाजली की दिवा लागायची सोय होती, तो दिवा गेला होता आणि मी आज बदलते, उद्या बदलते. शेजाऱ्यांनी दादाला फोन केला. मला नाही, दादाला. दादा-वहिनी आले, वहिनीने येताना एका संस्थेची माहिती आणलेली. चांगली आहे गं, वाईट म्हणणार नाही. बाग आहे, नर्स आहेत, पायऱ्यांऐवजी उतार. फक्त तिथे तिच्याशी बोलणारं एकही माणूस नाही. बोलणारी खूप आहेत, सगळी तोंडाने.

जेवणाच्या टेबलाशी बसलो चौघं. दादाने सगळं खुणांनी सांगितलं, चुकत चुकत सांगितलं, बाग दाखवायला त्याने एवढे हात पसरले की तिला वाटलं असेल जंगलात पाठवतायत. आई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, आता ही उठणार, आणि उठलीच. टेबलाला वळसा घालून आली, माझ्यामागे उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना बोटं लावली. आणि मी आवळत होते गं. देवाशपथ आवळत होते, डोळ्यांत पाणी येईस्तोवर जोर लावत होते. पण पहिलं इंजेक्शन घेऊन पंधरवडा होऊन गेलेला. तिथे होतं काय? काही नाही. मऊ गाल. मला स्वतःला आठवलंच नाही त्या वेळी — म्हणजे इंजेक्शन घेतलंय हे माहीत होतं, पण आईशी त्याचा काही संबंध आहे हे डोक्यातच आलं नव्हतं. दाढा वाचवायला घेतलं होतं मी ते.

ती समोर आली. नीट बघितलं माझ्याकडे. मग हसली, एवढी छान हसली, माझा गाल थोपटला, आणि मूठ छातीवर. हो. दादाचा जीव भांड्यात पडला. वहिनी म्हणाली, बघा, उगाच घाबरत होतो आपण. आईने बॅगही स्वतः भरली, माझ्या मदतीशिवाय, मधूनमधून वळून माझ्याकडे बघत होती, आणि खूश होती गं. तिला वाटलं, चला, पोरीला एकदाचं मोकळं वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पोरगी मनापासून बरं म्हणतेय.

हात? हो, हात होते ना. हात कुठे जातायत. हातात कप होता. कळलं मला तुला काय म्हणायचंय, कप खाली ठेवायचा आणि तळवा आडवा फिरवायचा, एवढंच ना? शिकवतेस ना तू, शोभतं तुला. पण मला वाटलं तिला कळेल. जन्मभर कळलं, त्याच दिवशी मी का सांगायचं? मला वाटलं ती बोट अजून जरा वेळ ठेवेल, शोधेल. आणि मग तिची मूठ छातीवर गेली, आणि मग — मग सगळं ठरलंच होतं की. आणि बॅग भरत होती तेव्हा म्हणशील तर, तेव्हा दादा होता खोलीत. आणि गाडीत... गाडीत ती पुढे बसली होती. प्रत्येक गोष्टीला उत्तर आहे माझ्याकडे, तू विचारत राहा. झोप लागायला लागली मला त्या दिवसांत, गाढ, कुठलंही दूध उतू न जाता. ते पण सांगून टाकते. हे कशाला सांगितलं मी तुला? जाऊ दे.

भेटायला जाते ना, दर रविवारी जाते. तिथल्या बायका खूप कौतुक करतात, तुमच्या आई किती शांत आहेत हो, काही म्हणजे काही त्रास नाही त्यांचा. शांत! माझी आई शांत! भाजीवाल्याशी भांडायची तर रस्त्यावरची माणसं थांबून बघायची, हात असे चालायचे तिचे. आता मांडीवर ठेवलेले असतात. एकावर एक. मी गेले की ती उचलते, पण आधी जरा वेळ लागतो, जागा आठवल्यासारख्या करतात ती बोटं. मागच्या वेळी तर चहा हवाय की पाणी, ते सांगताना तिने तिथल्या बायकांसारखं नुसतं तोंडाकडे बोट दाखवलं. मला. मला दाखवलं तसं. आमची चहाची वेगळी खूण आहे गं, दोन बोटांनी कान पकडल्यासारखी, कपाचा कान.

आणि निघताना — या रविवारचंच म्हणते — निघताना मी वाकले तर तिने बोट लावलं. इथे. इंजेक्शन उतरत आलंय ना, तीन-चार महिनेच टिकतं ते, तुला सांगतील मॅडम. लावलं आणि तिथेच ठेवलं. हसायची थांबली. मग हात पुढे करून, अगदी पहिल्यासारखा सरसरून — ‘काय झालं? तुला काय होतंय?’ स्वतःचं काही सांगितलं नाही हां तिने, माझं विचारलं. मी म्हटलं काही नाही, काम, ऑफिस, दगदग. तोंडाने म्हटलं. तिने ओठ वाचले आणि पुन्हा बोट लावलं.

म्हणून आले आज. मॅडम फोनवर म्हणाल्या अजून थोडं थांबा, घाई नको, मी म्हटलं दुखतंय फार. दुखतंय थोडं. पण चार-पाच दिवसांत असर सुरू होतो ना, म्हणजे रविवारपर्यंत जरा तरी मऊ पडेल. तिला बरं वाटेल. त्या बिचारीने तिथे उगाच माझी काळजी करत बसू नये, एवढंच माझं म्हणणं, यात काय चुकलं?

घरी आणू? एवढं सोपं असतं का ते — मी दिवसभर ऑफिसात, पुन्हा तो नळ, तो गॅस. दिवा? हो, दिवा बदलला. ती गेल्यावर बदलला. लागतो आता छान, कुणी बेल दाबली की अख्खी खोली उजळते आणि मी एकटी दचकते.

मलाच बोलावलं ना? हो, आले, आले. माझी पर्स दे गं ती. आणि असं बघू नकोस माझ्या गालाकडे, सांगितलं ना ऑफिसची दगदग आहे. तू तुझी डबी सांभाळ.